जुन्या स्पीकरला नवं विनियर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

1960 आणि 70च्या दशकांत बनलेले अनेक स्पीकर आजही ऐकत राहावेत असे वाजतात. अमेरिकेतल्या अकॉस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-3ए 1967 साली आला, जेबीएलचा एल100 1970 साली. असे जुने स्पीकर मुंबईच्या चोर बाजारात अजून मिळतात, कुणाच्या घरी परदेशी असलेल्या काकांनी कधीकाळी आणलेली जोडी असते. वूफरचा कुजलेला फोम बदलून देणारे कारागीरही शोधले की सापडतात. तरीही हे स्पीकर माळ्यावर किंवा भंगारात जातात ते बहुतेकदा बाहेरच्या खोक्यामुळे. कोपरे उडालेले असतात, कड उचकटलेली असते, वरच्या बाजूला फुलदाणीचा काळा डाग पडलेला असतो. हे खोकं पुन्हा देखणं करता येतं आणि त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. मात्र या कामाबद्दल इतके समज रूढ आहेत की चांगल्या हेतूने हात घातलेले स्पीकरही बिघडतात.

गैरसमज : विनियर म्हणजे नकली लाकूड. जुने स्पीकर अस्सल लाकडी फळ्यांचे असत.

वस्तुस्थिती : विनियर हे लाकूडच. ओंडका वाफेवर किंवा गरम पाण्यात मऊ करून धारदार पात्याने त्याचे पातळ पापुद्रे काढतात. आजच्या पापुद्र्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. ही कला फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या इजिप्तमध्ये, तूतनखामुनच्या थडग्यात सापडलेल्या सामानातही आबनूस आणि हस्तिदंताचे पातळ थर चढवलेल्या वस्तू आहेत.

स्पीकर बनवणाऱ्यांनी सलग फळ्या टाळल्या त्याला ठोस कारण होतं. लाकूड हवेतली आर्द्रता शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. अक्रोडाचं ओलं लाकूड पूर्ण वाळताना रुंदीत जवळपास 8 टक्क्यांपर्यंत आक्रसतं, लांबीत मात्र 0.1 ते 0.2 टक्केच. कोकणात पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ती याच गुणामुळे. फळ्या जोडून केलेलं हवाबंद खोकं असं वर्षानुवर्षं हलत राहिलं तर सांधे सुटतात. म्हणून प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्डाचं स्थिर खोकं करायचं आणि त्यावर अक्रोड, सागवान किंवा शिसवीचं विनियर चढवायचं, ही रीत रुळली. चांगल्या स्पीकरांची मूळ घडणच ही आहे. स्वस्त मॉडेलांवर मात्र लाकडाचं चित्र छापलेला प्लास्टिकचा थर असे. ओळखायचं असेल तर रेषा नीट पाहाव्यात. खऱ्या विनियरच्या रेषा जागोजागी बदलतात, छापील नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते.

गैरसमज : विनियर बदललं की आवाज बदलतो.

वस्तुस्थिती : साधा हिशेब करू. एआर-3ए उभा ठेवला तर सुमारे 64 सेंटिमीटर उंच, 36 रुंद आणि 29 खोल आहे. वर, खाली आणि दोन बाजू मिळून पृष्ठभाग भरतो 0.58 चौरस मीटर. त्यावर 0.6 मिलिमीटरचं अक्रोडाचं विनियर चढवलं तर वजन वाढेल साधारण 220 ग्रॅम, आणि स्पीकरचं मूळ वजन आहे सुमारे 24 किलो. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. जाड पॅनेलच्या कंपनात यामुळे कानाला कळेल असा फरक पडत नाही.

आवाज बिघडतो तो काम करणाऱ्याच्या इतर हालचालींमुळे. एआरच्या स्पीकरांत खोक्यात कोंडलेली हवा वूफरच्या पडद्यासाठी स्प्रिंगचं काम करते. हवा कुठून गळू लागली की खर्जाचा आवाज ढासळतो. म्हणून वूफर काढल्यावर त्याखालचं सील जपून ठेवावं किंवा नवं घालावं, आतला भराव आहे तितकाच परत घालावा, आणि समोरच्या बाजूला नवी भोकं पाडू नयेत.

वूफर आणि ट्वीटर मात्र काढायलाच हवेत. घासकामाची धूळ त्यांच्या फटीत जाते. त्याहून वाईट म्हणजे स्टील वुल. त्याचे बारीक लोखंडी तंतू चुंबकाकडे ओढले जातात, व्हॉइस कॉइलच्या अरुंद फटीत अडकतात आणि मग स्पीकर कायमचा खरखरतो.

गैरसमज : डाग किंवा फुगवटा आला म्हणजे विनियर बदलावंच लागतं.

वस्तुस्थिती : बऱ्याच वेळा लागत नाही. पेल्याचं पांढरं वर्तुळ सहसा पॉलिशच्या थरात असतं, लाकडापर्यंत पोचलेलं नसतं. फुलदाणीखालचा काळा डाग बहुधा पाणी, लोखंडाचा अंश आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगातून होतो. पॉलिश उतरवून त्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं द्रावण लावलं की तो बराचसा निघतो. हे रसायन विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि नंतर ती जागा पाण्याने नीट पुसून घ्यावी.

फुगवटा आला असेल तर नखाने टकटक करून पाहावं. पोकळ आवाज आला की तिथला गोंद सुटलाय. रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्यावी, इंजेक्शनच्या सिरिंजने पांढरा फेविकॉल आत सोडावा, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून रात्रभर वजन द्यावं. नीट झालेली अशी चीर नंतर शोधूनही सापडत नाही.

गैरसमज : नवं लावायचं तर जुनं खरवडून काढलंच पाहिजे.

वस्तुस्थिती : जुनं विनियर घट्ट बसलेलं असेल तर त्यावरच नवं लावावं. कारखान्यात बऱ्याचदा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरला जाई, तो एकदा पक्का झाला की उष्णतेने मऊ होत नाही. पटाशीने ओढाल तर विनियरबरोबर पार्टिकल बोर्डाचे ढलपे निघतील. ओलं फडकं आणि इस्त्री चालवाल तर बोर्ड पाणी पिऊन फुगेल, आणि फुगलेला पार्टिकल बोर्ड पूर्ववत होत नाही.

सुटलेले तुकडे काढावेत, जुनं पॉलिश, मेण आणि तेल पूर्ण उतरवावं, खड्डे भरावेत. उडालेले कोपरे बांधायला गाड्यांच्या डेंटिंगसाठी वापरतात ती दोन भाग मिसळायची पुट्टी उत्तम. मग सपाट गुटक्यावर पॉलिश पेपर लावून सगळं एका पातळीत आणावं. विनियर इतकं पातळ असतं की खालचा प्रत्येक खळगा काही दिवसांनी वर उमटतो. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे गेला तरी तो सार्थकी लागतो. प्लास्टिकचा थर असेल तर तो मात्र काढावाच, त्यावर गोंद भरवशाने धरत नाही.

गैरसमज : दुकानात ‘विनियर’ म्हणून मिळेल ते चालेल.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या प्लायवूडच्या दुकानात विनियर मागितलं की बहुधा 8 बाय 4 फुटांचा, सुमारे 4 मिलिमीटर जाडीचा शीट समोर येतो. तो प्लायवर आधीच चिकटवलेला असतो. कपाटाला तो छान. स्पीकरला लावला तर रुंदी 8 मिलिमीटरने वाढते, जाळीची चौकट बसत नाही आणि कडेला प्लायचे थर दिसतात. आपल्याला हवं ते सुटं विनियर, साधं किंवा मागे कागद लावलेलं. नवख्याने कागदवालं घ्यावं, ते कमी फाटतं.

‘रिकॉन’ विनियर प्लास्टिकचं असतं, हाही गैरसमजच. लवकर वाढणाऱ्या झाडांचे पापुद्रे रंगवून, दाबून त्यांचा ठोकळा करतात आणि तो पुन्हा कापतात. लाकूड खरं असतं, रेषा मात्र आखीव असतात.

दोन्ही स्पीकरांसाठी एकाच ओंडक्यातले लागोपाठचे पापुद्रे मागून घ्यावेत. जोडी शेजारी ठेवली की डाव्या-उजव्याचा मेळ डोळ्यांना लगेच जाणवतो.

गैरसमज : सनमायकाचा गोंद सगळ्यात मजबूत.

वस्तुस्थिती : तो झटपट पकडतो हे खरं. पण हा रबरी गोंद कायम किंचित लवचीक राहतो. साध्या विनियरखाली ऋतुमानाप्रमाणे लाकूड सरकतं आणि फुगे येतात. पॉलिशमधला थिनर लाकडाच्या छिद्रांतून खाली उतरला तरी हा गोंद सुटू शकतो. त्याची वाफ ज्वालाग्राही असते, बंद खोलीत ती छातीत जाते.

पांढरा फेविकॉल आणि इस्त्री ही घरच्या घरी जमणारी पद्धत. खोक्यावर आणि विनियरच्या मागे पातळ, सारखा थर द्यावा. ओल्या गोंदाने विनियर गुंडाळू लागतं, त्यासाठी वरची बाजू स्पंजने किंचित ओलसर करावी. दोन्ही थर बोटाला चिकटणार नाहीत इतपत वाळू द्यावेत, मग विनियर जागेवर ठेवून वाफेशिवाय मध्यम गरम इस्त्री मध्यापासून कडेकडे फिरवावी. उष्णतेने गोंद वितळून पुन्हा धरतो. इस्त्रीच्या मागोमाग लाकडी गुटक्याने दाबत जावं. विनियर तापल्यावर आक्रसतं, म्हणून चारही बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त ठेवावं आणि थंड झाल्यावर धारदार ब्लेडने छाटावं. प्रत्येक पांढरा गोंद असा पुन्हा वितळत नाही, तेव्हा आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावं.

क्रमही महत्त्वाचा. आधी तळ, मग बाजू, शेवटी माथा. असं केलं की वरून पाहताना सांधा दिसत नाही.

गैरसमज : भरपूर घासा, चकचकीत पॉलिश करा.

वस्तुस्थिती : अर्ध्या मिलिमीटरवर मशीन चालवलं तर क्षणात खालचा थर उघडा पडतो, आणि कडेला हे हमखास होतं. 180 आणि मग 240 नंबरचा पेपर, हाताने, रेषेच्याच दिशेने, एवढं पुरे.

त्या काळातले अनेक स्पीकर ‘ऑइल्ड वॉलनट’ म्हणजे तेल पाजलेल्या अक्रोडाचे असत आणि त्यांची झाक मंद असे. तेलाचा हात पुन्हा देता येतो, ओरखडा सहज दुरुस्त होतो. पीयू पॉलिश पाण्याला जास्त टिकतं, पण बिघडलं तर सगळं उतरवावं लागतं. लाखेच्या पॉलिशची झळाळी सुंदर, मात्र पाण्याचे डाग त्यावर लवकर पडतात. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

कधी हात लावू नये

डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनसारख्या कंपन्यांचे जुने स्पीकर रोझवूडमध्येही मिळत. ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर 1992पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे तसं विनियर आज बाजारातून आणता येणार नाही. असं मूळ लाकूड शाबूत असेल तर साफसफाई आणि तेलाचा हात यापलीकडे जाऊ नये. मागचं लेबल, अनुक्रमांक आणि कंपनीचा बिल्ला प्रत्येक वेळी जपावा. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

आणि सुरुवात नेहमी ऐकण्यापासून करावी. आधी फोम, जोडण्या आणि क्रॉसओव्हर तपासून स्पीकर नीट वाजता करावा, मग खोक्याकडे वळावं. डागडुजीने भागत असेल तर तिथेच थांबावं. भागत नसेल तर निवांत वेळ काढून नवं विनियर चढवावं. पन्नास वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाचं आणि तेव्हाच्या कारागिराच्या मेहनतीचं आयुष्य त्यामुळे आणखी एका पिढीने वाढतं.