पूर्वेची नदी, पश्चिमेची वीज

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला बिलगून सुमारे 65 किलोमीटर दक्षिणेस वाहते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. अर्थात् एका डोंगराच्या आड असलेल्या कोकणाकडे पाठ फिरवून ती सारे दख्खन ओलांडीत बंगालच्या उपसागराची वाट धरते. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी डोंगर पोखरून पश्चिमेस सोडले, तर ते साडेचारशे मीटरांहून अधिक खोल कोसळेल, ही गोष्ट ज्यांच्या ध्यानी आली त्यांनीच कोयना प्रकल्पाचा खरा पाया घातला, असे मी मानतो. टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे हीच युक्ती साधली होती व कोयनेच्या खोऱ्याचीही पाहणी केली होती. परंतु ती तजवीज कागदावरच राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम हाती घेऊन 1954 साली कोनशिला बसविली.

पाटण तालुक्यात, देशमुखवाडीपाशी, काळ्या पाषाणाचे धोंडे काँक्रीटमध्ये रोवून उभारलेले हे धरण 103 मीटर उंच आणि आठशे मीटरांहून अधिक लांब आहे. त्यामागे पसरलेल्या जलाशयास शिवसागर म्हणतात. प्रवासी धरणाच्या भिंतीपाशी थांबतो, पाण्याचा विस्तार पाहून संतुष्ट होतो आणि परततो. पण या प्रकल्पाचे हृदय त्या भिंतीत नाही. ते पाहावयाचे तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूण तालुक्यातील पोफळीस जावे लागते, आणि तेथेही उघड्यावर त्याचे काहीच दिसत नाही, कारण पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह डोंगराच्या पोटात कोरलेल्या गुहेत आहे. जलाशयाचे पाणी बोगद्याने डोंगर पार करते, तीव्र उताराच्या पोलादी नळांतून खाली धावते आणि नळाच्या मुखातून सुटलेली त्याची धार पेल्टन चक्राच्या परिघावरील वाट्यांवर आदळते. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा वेग असा असतो, की थोड्या पाण्यातही प्रचंड यंत्र फिरते. आणि कोळशाच्या भट्टीला तापावयास जेथे तास लागतात तेथे हे यंत्र काही मिनिटांत पूर्ण भाराने चालू लागते. संध्याकाळी मुंबईत एकाच वेळी लक्षावधी दिवे लागतात, तेव्हा कोयनेची किंमत कळते. 1962 साली पहिला टप्पा सुरू झाला. पुढे टप्पे वाढत जाऊन एकूण क्षमता 1960 मेगावॅटपर्यंत पोहोचली.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मात्र भूमीने या साऱ्या कर्तृत्वाची परीक्षा घेतली. कोयनानगरात घरे कोसळली, पावणेदोनशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि धरणाच्या वरच्या भागात, जेथे भिंतीचा उतार एकदम बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. भिंत उभी राहिली. पुढे तिला मागून काँक्रीटचा आधार देण्यात आला. जलाशयाच्या भाराचा आणि या भूकंपाचा संबंध काय, हा प्रश्न तेव्हापासून जगभरचे भूशास्त्रज्ञ अभ्यासीत आहेत, आणि कोयनेचे नाव त्यांच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे.

अभियंत्यांच्या धैर्याचा आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. चौथ्या टप्प्यासाठी भरल्या जलाशयाच्या तळाशी नवे मुख उघडावयाचे होते. जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते. म्हणून बोगदा खालून खोदीत तळापाशी नेला, मध्ये खडकाचा थोडा जाड पडदा ठेवला, पडणारे दगड झेलण्यासाठी खाली खड्डा केला, आणि 13 मार्च 1999 रोजी सुरुंगाने तो पडदा उडवून शिवसागराचे पाणी बोगद्यात घेतले. लेक टॅपिंगचा हा प्रयोग भारतात प्रथमच झाला.

पण शिवसागराच्या तळाशी खडकाइतकीच गावेही आहेत. त्या गावांतील खातेदारांना जुन्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला मिळाला, आणि कुळे, बलुतेदार, देवस्थाने यांची घडी मोडून माणसे रायगड, ठाणे, सोलापूर अशा दूरच्या मुलखांत विखुरली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने 1976 साली केला, तेव्हा यांच्या घरांवर पाणी चढून एक तप उलटले होते. कित्येक कुटुंबांच्या नातवंडांनाही जमिनीसाठी धरणे धरावे लागले, हे लिहिताना लेखणी जड होते. ज्या राज्याला सह्याद्री पोखरण्याचे सामर्थ्य होते, त्याला विस्थापितांची एक नोंदवही चोख ठेवणे अशक्य नव्हते.

पाण्याचा हिशेब मात्र काटेकोर आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत निवाड्याने कोयनेचे वर्षाला 67.5 अब्ज घनफूट इतकेच पाणी पश्चिमेकडे वळविण्याची मर्यादा घातली आहे. वीजगृहांतून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात थांबते, तेथे आणखी एकदा वीज देते आणि वाशिष्ठीच्या पात्रात उतरते. चैत्र-वैशाखात कोकणातल्या शेजारच्या नद्यांचे दगड उघडे पडतात, तेव्हाही चिपळूणची वाशिष्ठी वाहत असते, आणि तिच्या काठी धुणे धुणाऱ्या बाईच्या पायाला लागणारे पाणी घाटावरचे, कोयनेचे असते.