धडधाकट माणसाची निवृत्ती

खेळाडूची निवृत्ती ही बहुधा त्याच्या शरीराने त्याच्यावर लादलेली असते. गुडघा दगा देतो, नजर मंदावते, नव्या दमाचा कोणी जागा पटकावतो आणि मग निरोपाचे हारतुरे होतात. १६ मार्च २०१५ रोजी ख्रिस बोर्लंड या अमेरिकन फुटबॉलपटूने जी निवृत्ती जाहीर केली, तिला यांपैकी एकही कारण लागू नव्हते. त्याचे वय होते २४. संघाला तो हवा होता. आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याचा अवघा एक हंगाम झाला होता.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलचा केवळ नामबंधू. तेथे चेंडू हातात घेऊन धावायचे असते आणि धावणाऱ्याला अंगाने अंग भिडवून जमिनीवर लोळवायचे असते. बोर्लंड होता लाइनबॅकर. म्हणजे लोळवणे हेच त्याचे मुख्य काम. डोक्यावर शिरस्त्राण असते खरे, परंतु ते कवटीचे रक्षण करते. आघातासरशी कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो, त्यावर शिरस्त्राणाची मात्रा फारशी चालत नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतलेल्या या तरुणाला २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स संघाने तिसऱ्या फेरीत निवडले. पॅट्रिक विलिस हा नामवंत खेळाडू ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाला आणि त्याच्या जागी बोर्लंड मैदानात आला. त्याने १४ सामन्यांत शंभरावर प्रतिस्पर्धी लोळवले आणि नोव्हेंबरमधील बचावफळीतला सर्वोत्तम नवोदित म्हणून लीगने त्याची निवड केली. घोट्याच्या दुखापतीमुळे त्याचा हंगाम डिसेंबरमध्ये संपला. पण ती दुखापत भरून येणारी होती.

त्याच्या मनात घर केले होते ते निराळ्याच घटनेने. हंगामापूर्वीच्या सरावात एका धडकेने त्याच्या मेंदूला हादरा बसला असावा, असे त्याला वाटले. तरीही कोणाला काही न सांगता तो खेळत राहिला, कारण संघातले स्थान अजून पक्के व्हायचे होते. हे आपण काय करीत आहोत, असा प्रश्न त्याला तेव्हाच पडला. तो वाचू लागला, तज्ज्ञांशी व जुन्या खेळाडूंशी बोलू लागला.

त्याच्यापुढे आलेला इतिहास सुखद नव्हता. पिट्सबर्गचा गाजलेला खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला; अखेरच्या काळात त्याची स्मृती व संसार दोन्ही विस्कटले होते. नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार आघातांनी जडणाऱ्या, हळूहळू बळावणाऱ्या विकाराच्या खुणा त्यांना आढळल्या. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लीगच्या वैद्यकीय समितीच्या सदस्यांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. मेंदूच्या दुखापतींसाठी नेमलेल्या या समितीचे अध्यक्षपद अनेक वर्षे एका संधिवाततज्ज्ञाकडे होते, हे येथे सांगितलेले बरे. डेव्ह ड्युअरसन या माजी खेळाडूने २०११ मध्ये स्वतःवर गोळी झाडली, ती छातीवर. मेंदू संशोधनासाठी शाबूत राहावा म्हणून.

या विकाराचे खात्रीलायक निदान मृत्यूनंतरच होते. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी लीगच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मध्ये तो आढळला. अर्थात हे मेंदू मुख्यतः शंका आलेल्या कुटुंबांनी दिलेले होते, म्हणून शंभरातील नव्याण्णव खेळाडूंना हा विकार होतो असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. परंतु जिवंत खेळाडूला आपल्या डोक्यात काय चालले आहे हे कळण्याची सोय नाही, ही बोर्लंडची खरी अडचण होती. लक्षणे दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असेल, असा त्याचा विचार होता. पुराव्याची वाट पाहणे हे शास्त्रज्ञाला शोभते. ज्याचा मेंदू पणाला लागला आहे त्याच्यावर तशी सक्ती का असावी?

व्यवहाराची बाजूही पाहण्यासारखी आहे. करार चार वर्षांचा, सुमारे ३० लाख डॉलरचा. सही करतानाच ६ लाख १७ हजार डॉलर मिळाले होते. एकच वर्ष खेळल्यामुळे त्यातील तीन चतुर्थांश रक्कम परत करणे आले आणि बोर्लंडने ते मान्य केले. लीगच्या निवृत्तिवेतनाला किमान तीन हंगाम लागतात, तेही गेले. उलट, क्लबने खेळाडूला मध्येच काढले तर हमी नसलेल्या उर्वरित वेतनाचे देणे क्लबवर राहत नाही. करार दोघांचा, मुदत मात्र एकालाच बांधणारी!

बोर्लंडच्या निर्णयाचा आदर करतो, असे लीगचे आरोग्यविषयक अधिकारी जेफ मिलर यांनी तेव्हा सांगितले. सोबत फुटबॉल पूर्वी कधी नव्हता इतका सुरक्षित झाला आहे, अशी ग्वाहीही दिली. त्याच मिलर यांनी मार्च २०१६ मध्ये, अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या प्रश्नाला उत्तर देताना, फुटबॉल आणि हा विकार यांत संबंध असल्याचे मान्य केले. दरम्यान १४ सप्टेंबर २०१५ रोजी फॉर्टीनाइनर्सचा नवा हंगाम ठरल्याप्रमाणे सुरू झाला होता. मिनेसोटाविरुद्धचा तो सामना त्यांनी २०-३ असा जिंकला.