काळ्या दगडाच्या पोटात

दगड बघायला लोक पार ऑस्ट्रेलियाला जातात. दिवसभर लाल वाळवंटातून गाडी हाकायची, रात्री तंबू ठोकायचा आणि कूबर पेडीसारख्या खाणगावात पोचायचं. तिथली माणसं उन्हाचा तडाखा चुकवायला जमिनीखाली घरं कोरून राहतात आणि ओपल खणतात. भारीच! पण शिरूर तालुक्यातल्या निमोण्याहून शिधा, पाणी आणि एक तंबू घेऊन निघालात तरी डोळे पांढरे व्हायची पुरेपूर सोय आहे.

सुरुवात गावातल्या विहिरीपासूनच करा. काठावरून आत डोकावलं की वर माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. मध्येच कुठेतरी भोकाभोकांचा, ठिसूळ मांजऱ्या लागतो. हा सगळा एके काळी वाहता लाव्हा होता! साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा उसळत राहिला. एक थर निवायचा, त्यावर दुसरा पसरायचा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाखाली आहे.

मग मांजऱ्याला भोकं कुठून आली? तव्यावरच्या आंबोळीला जाळी पडते ना, तशीच. लाव्ह्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन वर धावले, पण वरचा भाग आधीच घट्ट व्हायला लागला होता. बुडबुडे अडकले ते कायमचे. वायू गेला, जागा राहिली. या रिकाम्या जागा ध्यानात ठेवा, आपला सगळा प्रवास त्यांच्याचसाठी आहे.

शिरूरमार्गे टाकळी हाजी गाठा. पुढे कुकडी नदीचं पात्र लागतं, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरं, आणि मध्ये? मध्ये नदीचा तळच जागोजाग पोखरलेला. गोल, खोल, आतून गुळगुळीत रांजणच रांजण. काही इवलेसे, तर काहींत अख्खा माणूस सहज मावेल. छिन्नी-हातोडा घेऊन कुणी बसलं असतं तरी इतकी सफाई आली नसती.

हे केलं कुणी? पुराच्या पाण्याने आणि त्यात सापडलेल्या गोट्यांनी. लाव्हा निवताना आक्रसतो, त्याला चिरा पडतात. पाणी अशी कमकुवत जागा बरोबर हेरतं आणि तिथे भोवरा धरतं. भोवऱ्यात गोटा अडकला की त्याला बाहेर पडता येत नाही, तो गरागरा फिरत राहतो. फिरता फिरता खडक घासतो आणि स्वतःही झिजतो. तो झिजून संपला, तर पुढचा पूर नवा गोटा आणून टाकतो. खळगा जितका खोल, तितका गोटा पक्का अडकतो आणि काम चालूच राहतं. शेजारशेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत कोसळते, आणि असं करत करत नदी स्वतःसाठी घळ कोरून घेते. उन्हाळ्यात एखाद्या कोरड्या रांजणात वाकून बघा. तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले असतात. तेच कारागीर! पावसाळ्यापर्यंत सुट्टीवर.

तंबू मात्र पात्रात ठोकू नका. वरच्या अंगाला धरणं आहेत. आभाळ निरभ्र असलं तरी पाणी सोडलं की ते विचारून येत नाही.

याच कुकडीच्या काठाने वर जुन्नर तालुक्यात गेलं की बोरी लागतं. तिथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या शेजारी आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. राख आपल्या लाव्ह्याची नव्हे, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. तीन हजार किलोमीटरहून दूर! ती टोबाच्या नेमक्या कोणत्या स्फोटातली, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू द्या, आपण पुढे निघू.

चाकण-शिक्रापूर करत नगर रस्त्याला लागलात की पुण्याच्या वेशीवर वाघोली. दगडखाणी, क्रशर, धुळीने पांढरी झालेली झाडं. सुरुंग लावायचा, डबर फोडायचं, त्याची खडी करायची. पुण्याच्या इमारती या दगडावर उभ्या आहेत. इथे कसलं आलंय नवल?

त्या रिकाम्या जागा आठवतात? बुडबुडे अडकले, लाव्हा दगड झाला, पण गोष्ट तिथे संपली नव्हती. चिरांमधून गरम पाणी झिरपत राहिलं. वाटेत त्याने दगडातली द्रव्यं विरघळवून घेतली आणि या पोकळ्यांत आणून ठेवली, कणाकणाने. निघोजला पाण्याने दगड कोरून नेला, इथे त्याच पाण्याने भरणा केला! पोकळी फुटली की आत स्टिलबाइटचे मोतिया स्फटिक दिसतात, ॲपोफिलाइटचे काचेसारखे नितळ, आणि नशीब जोरावर असेल तर त्यांच्यावर बसलेले कॅव्हनसाइटचे गर्द निळे झुबके. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे खनिज. तो जीवघेणा निळा रंग व्हॅनेडियमचा. त्याची पहिली शास्त्रीय नोंद 1973 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या नमुन्यांवरून झाली, पण जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीच्या खाणींतले. परदेशातल्या संग्रहालयांत ते काचेआड मांडलेले असतात.

आणि अजून एक पायरी आत उतरा. स्टिलबाइट हे झिओलाइट गटातलं. 1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघून तो फसफसला. दगडात पाणी कुठून? झिओलाइटची अणुरचनाच पिंजऱ्यासारखी असते आणि त्या पिंजऱ्यांत पाण्याचे रेणू बसलेले असतात. म्हणजे पोकळीत स्फटिक आणि स्फटिकात पुन्हा पोकळ्या! फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर किरणोत्सारी पाण्यातलं सीझियम पकडायला झिओलाइटच वापरले गेले, ते याच पिंजऱ्यांसाठी.

खाणीत विचारल्याशिवाय शिरू नका, तिथे सुरुंग उडतात. स्फटिक निवांत पाहायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. खाणीत मात्र सगळं एका नजरेवर अवलंबून. डबर फोडणाऱ्याला निळी चमक दिसली आणि घण थांबला, तर नमुना वाचतो. नाही दिसली, तर तो क्रशरमधून थेट कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातो.