अ‍ॅम्प्लिफायरला 'स्वभाव' असतो का?

हॉस्टेलवर दोन विषयांवर रात्री दोन वाजेपर्यंत भांडता येतं. एक क्रिकेट, आणि दुसरा म्हणजे कुणाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज 'उबदार' आणि कुणाचा 'कोरडा'. पहिल्यात मी पडत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र चार शब्द लिहायचे आहेत.

मुळात अ‍ॅम्प्लिफायरचं काम काय? आलेला सिग्नल मोठा करायचा, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. चांगला सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, हे काम इतकं चोख करतो की 'स्वभाव' यायला जागाच थोडी उरते. पण लोकांना फरक ऐकू येतो हेही खरं. मग तो येतो कुठून?

काशीदला माझ्या मामाकडे हे तपासायची संधी मिळाली. सुरूच्या बनामागे त्याचं घर आहे, दोन खोल्या पर्यटकांना देतो. शास्त्रीय गाण्याचा मोठा नाद. एका नेहमीच्या पाहुण्याने आपला जड, महागडा अ‍ॅम्प्लिफायर "आठवडाभर ऐकून बघा" म्हणून ठेवला. किंमत लाखाच्या घरात. मामा म्हणाला, "अरे, तानपुरा कसा खुलतो बघ!" मामी म्हणाली, "कौलं बदलायचे पैसे आहेत ते." प्रकरण गंभीर होतं.

मी मल्टिमीटर काढला. १०० हर्ट्झचा टोन लावला आणि मामा ज्या जागी नॉब ठेवत होता तिथे स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजलं. जुना २.० व्होल्ट, नवा २.२ व्होल्ट. म्हणजे सुमारे ०.८ डेसिबलचा फरक. गंमत अशी, की एवढ्याशा फरकाला कान 'मोठा' म्हणत नाही, 'खुललेला' म्हणतो! म्हणून तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्क्याच्या आत, जुळवायलाच हवी. टोन १०० हर्ट्झचाच का? स्वस्त मल्टिमीटर जास्त फ्रिक्वेन्सीला भलतंच दाखवतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. समोर जाड हीटसिंक दिसलं की कान आधीच निकाल देतात. मी चार पोलचा चेंजओव्हर स्विच डब्यात बसवला होता. (दोन अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुटं एकमेकांना कधीही भिडू द्यायची नाहीत, आणि व्हॉल्व्हवाला असेल तर त्याला लोडशिवाय चालवायचं नाही.) मामेबहीण पडद्याआड बसून नाणं उडवायची आणि स्विच फिरवायची. १६ फेऱ्यांत मामाने ९ बरोबर ओळखल्या. नुसत्या अंदाजानेही ८ येतात. १२ किंवा जास्त आल्या असत्या तर मी मानलं असतं, कारण नशिबाने तेवढ्या येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

मामा काही एकटा नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने सुमारे २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतचे अ‍ॅम्प्लिफायर असेच झाकून ऐकवले होते. तिथेही निकाल अंदाजपंचेच्या पुढे गेला नाही.

म्हणजे सगळे सारखेच? नाही हो. आवाज वाढवून तबला लावला तेव्हा मामाने १६ पैकी १५ ओळखल्या. हे क्लिपिंग. सरासरी १ वॅटवर गाणं चालू असेल आणि थाप त्याच्या २० डेसिबल वर जात असेल, तर त्या क्षणाला १०० वॅट लागतात. जुना ३० वॅटचा, तो तिथे वेव्हचं डोकं छाटतो. मामाची बैठक पडवीकडे उघडी असल्यामुळे आवाज बाहेर पळतो, म्हणून तो नॉब जास्त फिरवतो. त्याला हवे होते वॅट, आणि तो समजत होता 'गोडवा'.

दुसरा खरा फरक आउटपुट इम्पिडन्सचा. ८ ओहमचा म्हणवणारा स्पीकर कुठे ४, तर कुठे ३० ओहमही होतो. ट्रान्झिस्टरवाल्याचा इम्पिडन्स ०.०५ ओहम धरला तर या चढउताराने आवाजात ०.१ डेसिबलही फरक पडत नाही. व्हॉल्व्हवाल्याचा २ ओहम धरा, फरक ३ डेसिबलच्या आसपास जातो. व्हॉल्व्हच्या 'उबे'तला बराच भाग हा असतो, बाकी काव्य.

तिसरा, क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. वरचा ट्रान्झिस्टर खालच्याला काम सोपवतो तिथे, शून्याजवळ, बायस नीट नसेल तर खाच पडते. ती बारीक आवाजात जास्त टोचते. त्यासाठी तानपुऱ्यासारखी परीक्षा नाही: तार छेडल्यावर जवारी विरत जाते ती शेपटी ऐका, तिथे खरखर आली की समजावं.

पण ही शेपटी ऐकायला काशीद म्हणजे वाईट जागा! फुटणाऱ्या लाटेत जवळजवळ सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, ती बारीक आवाज गिळून टाकते. आम्ही ओहोटी बघून, रात्री अकरानंतर बसलो. आणि खाऱ्या हवेचा प्रताप वेगळाच. मामाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर हिरवा थर होता, व्हॉल्यूमचा पॉट खरखरत होता. चाचणीआधी दोन्ही कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले, तेव्हाच त्याचा अर्धा 'कोरडेपणा' गेला.

पाहुण्याचा अ‍ॅम्प्लिफायर परत गेला. मामा आता जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर शोधतोय. ८७ ऐवजी ९३ डेसिबलचे मिळाले तर तेवढ्याच आवाजाला एक चतुर्थांश वॅट पुरतात, आणि ३० वॅटचा १२० वॅटसारखा चालतो.