तीन कोटी चाळीस लाखांची पुरणपोळी

सुकापूरला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. सहा बायका, दोन शेगड्या आणि ओट्यावर एक जुना टीव्ही. १३ फेब्रुवारी २०२३ च्या दुपारी डबे गेले, आम्ही जेवायला बसलो, तर टीव्हीवर महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव. आणि पहिलंच नाव आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचं! पन्नास लाखांपासून बोली सुरू झाली. मुंबई आणि बेंगळुरू इरेला पेटले आणि ३ कोटी ४० लाखांना स्मृती बेंगळुरूची झाली. त्या दिवशीची सर्वांत महागडी खेळाडू.

आम्ही टाळ्या वाजवल्या. पण कणीक मळणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘एकीलाच एवढं दिलं, तर बाकीच्यांना काय गं उरणार?’’

प्रश्न अगदी रास्त होता. प्रत्येक संघाच्या थैलीत १२ कोटी. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त एकटीवर, उरलेल्यात बाकीच्या सतराजणी. आणि मला तो जरा झोंबलाच. कारण त्याच आठवड्यात आमच्या पुरणपोळीवाल्या वहिनींनी दीडपट मजुरी मागितली होती. होळी तोंडावर आलेली, वहिनींच्या पोळीचं नाव अगदी नवीन पनवेलपर्यंत. करणार काय? दिली. कुणाला न सांगता दिली, तेच चुकलं. चार दिवसांत सगळ्यांना कळलं आणि मावशी यायच्या बंद झाल्या.

तिकडे स्मृतीचंही बरं चाललं नव्हतं. बेंगळुरूने ओळीने पाच सामने गमावले. त्या वर्षी बायकांना स्टेडियममध्ये फुकट प्रवेश होता, म्हणून १५ मार्चला पनवेलहून लोकल पकडून आम्ही तिघी नेरूळला डी. वाय. पाटीलवर गेलो. स्मृती शून्यावर बाद! आणि गंमत बघा, बेंगळुरूला पहिला विजय मिळाला तो त्याच रात्री. ४६ धावा काढून सामना ओढून नेला कनिका आहुजानं, जिची किंमत होती ३५ लाख. परतीच्या गाडीत मी गप्पच होते.

हंगामअखेर स्मृतीच्या आठ डावांत १४९ धावा. हिशेबाची वही घेऊन बसले, तर एक धाव सव्वादोन लाखांहून महाग पडलेली. घरातले पुरुष म्हणाले, पैसे पाण्यात गेले. मला ते पटलं नाही. ज्यांनी संघच ९०१ कोटींना घेतला, ते काय नुसत्या धावा मोजत होते? नाव, चेहरा आणि कर्णधारपद, तिन्हीची ती किंमत. पण नावावर सामना जिंकता येत नाही, हेही खरंच.

पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२४ ला दिल्लीत बेंगळुरूने चषक जिंकला. पुरुषांच्या संघाला २००८ पासून जे जमलं नव्हतं (त्यांना ते २०२५ ला जमलं), ते या मुलींनी दुसऱ्याच खेपेला केलं. स्मृतीच्या त्या हंगामात ३०० धावा. पण अंतिम सामन्यात दिल्लीचे चार गडी टिपले ते श्रेयांका पाटीलनं. तिला घेतलं होतं अवघ्या १० लाखांना. आशा शोभनाही १० लाखांचीच, तिनं दोन घेतले. संघाच्या सर्वाधिक धावा एलिस पेरीच्या. स्मृतीनं काय केलं? गोलंदाजी कुणाच्या हाती कधी द्यायची ते ठरवलं आणि ११४ धावांच्या पाठलागात ३१ काढून एक बाजू धरली. २०२५ ला पुन्हा सलग पाच पराभव आणि चौथा नंबर, तेव्हाही कर्णधार तीच, पैसेही तेवढेच.

आमच्याकडे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. त्या होळीला वहिनींचा हात तोच, पुरण तेच, पण पोळ्या फाटायला लागल्या. कणीक जमत नव्हती. मावशी ती तेलपाण्यात घंटाभर तिंबायच्या, आम्ही दहा मिनिटांत उरकली होती. चाळीस पोळ्या वाया गेल्या. वहिनीच म्हणाल्या, ‘‘ताई, आधी मावशींना आणा.’’

संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला, पण विषय काढू देईनात. शेवटी मी मजुरीची वहीच त्यांच्यापुढे ठेवली, सगळ्यांचे आकडे असलेली. चष्मा लावून त्यांनी ती नीट वाचली. म्हणाल्या, ‘‘वहिनीला जास्त दे गं, तिची पोळी आहेच तशी. पण कणकेचे वेगळे धर.’’

धरले. पुरणपोळी दोन रुपयांनी महाग झाली. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण घेतात.