कात्रीने तारलेला चित्रपट

चित्रपट घडतो तो चित्रीकरणस्थळी, आणि संकलक त्यातला फक्त फालतू भाग छाटतो, असा जो समज प्रेक्षकवर्गात सर्रास रूढ आहे, तो ज्याला दूर करावयाचा असेल त्याने ‘जॉज’ या अमेरिकन चित्रपटाची हकीकत अवश्य ऐकावी. १९७४ साली मॅसॅच्युसेट्समधील मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ, प्रत्यक्ष समुद्रात, स्टीव्हन स्पीलबर्ग या सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शकाने काम आरंभले, तेव्हा ज्याच्या भरवशावर सारी कथा रचली होती त्या यांत्रिक शार्कने, ज्याला मंडळी ‘ब्रूस’ म्हणत, खारे पाणी लागताच मान टाकली. त्याची दुरुस्ती होईतो नटमंडळी खोळंबून राहत, आणि एकदाचे सारे जमून आले, की नेमकी कुणा हौशी माणसाची शिडाची होडी क्षितिजावर अवतरून मुसळ केरात जाई. ५५ दिवसांची मुदत १५९ दिवसांवर गेली आणि मंजूर खर्च दुपटीहून अधिक झाला.

हा सगळा जमाखर्च अखेर व्हर्ना फील्ड्स या संकलिकेच्या मेजावर आला. वय पन्नाशीपुढचे, हात तयार. तरुण दिग्दर्शक त्यांना कौतुकाने ‘मदर कटर’ म्हणत. एका तुकड्यात आकाश निरभ्र आणि पाणी संथ, तर त्याला लागून येणाऱ्या तुकड्यात ढग आणि लाटा, अशी सामग्री जुळवताना प्रेक्षकाचे लक्ष पात्रांच्या भयावर इतके खिळवून ठेवावे लागते की आकाशाकडे पाहण्याची त्याला सवडच मिळू नये. शार्क तर जितका कमी दिसेल तितका बरा. न दिसणाऱ्या शार्कने ओढलेली, पाण्यावरून धावणारी पिवळी पिंपे ही युक्ती कथाकारांची आणि दिग्दर्शकाची खरी, आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीताचेही ऋण मोठे. परंतु मासा पडद्यावर किती वेळ ठेवावा, हा निवाडा कात्रीचा. शार्क ३६ चौकटी खरा वाटे, ३८ चौकटींत त्याचे सोंग उघडे पडे, असे स्पीलबर्ग यांनीच पुढे सांगितले आहे. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने हा फरक एका सेकंदाच्या बाराव्या भागाचा! कारकुनी वाटावी अशी ही बारीक मोजदाद, आणि भय की हसे याचा निकाल तिच्यावर.

तरीही जे चित्रित झालेच नाही ते कात्री कोठून आणणार? चाचणी खेळानंतर स्पीलबर्ग यांना प्रेक्षकांची आणखी एक किंकाळी हवीशी वाटली. बुडालेल्या नावेच्या भगदाडातून मृताचे मुंडके अचानक पुढे यावे, अशी ती योजना. स्टुडिओने जादा खर्च नामंजूर केला, तेव्हा त्यांनी पदरमोड केली आणि फील्ड्सबाईंच्याच घरच्या पोहण्याच्या तलावात, समुद्राचा गढूळपणा यावा म्हणून दुधाची भुकटी कालवून, ते दृश्य घेतले. चित्रपटगृहात लोक सर्वांत मोठ्याने ओरडले ते बहुधा त्या परसातल्या पाण्याला पाहून, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

चित्रपट जून १९७५ मध्ये लागला, तुफान चालला, आणि संकलनाचे ऑस्कर फील्ड्सबाईंना मिळाले. १९७६ साली युनिव्हर्सल या त्याच स्टुडिओने त्यांना उपाध्यक्षपदी नेमले. १९८२ साली त्या निवर्तल्या, तोवर त्यांनी दुसरा चित्रपट कापला नाही. त्या नेमणुकीला कंपनी बढती म्हणाली असेल. मला ते फारसे पटत नाही.