बास्तियाची खिडकी आणि पैनगंगेकाठचा कापूस

आज आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो फ्रेडरिक बास्तिया काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. १८०१ मध्ये फ्रान्सच्या बायोन बंदरात जन्मला, नवव्या वर्षी पोरका झाला, काकाच्या पेढीवर बसला. १८२५ मध्ये आजोबांची शेती वाट्याला आली आणि पुढची वीसेक वर्षं तो खेड्यात वाचत राहिला. पहिला गाजलेला लेख १८४४ चा, आयातकरावर. १८५० मध्ये रोमला क्षयानं गेला. लिहायला मिळाली जेमतेम सहा वर्षं.

त्याची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. मेणबत्तीवाले सरकारकडे अर्ज करतात: एक परका स्पर्धक फुकटात उजेड टाकून आमचा धंदा बुडवतोय, कायदा करून सगळ्या खिडक्या बंद करा. हा स्पर्धक कोण? तर सूर्य!

दुसरी गोष्ट फुटलेल्या काचेची. पोरानं दुकानाची काच फोडली. लोक म्हणतात, चला, काचवाल्याला काम मिळालं. ते दिसतं. पण त्याच पैशात दुकानदार नवे जोडे घेणार होता. चांभाराचं बुडालेलं काम कुणाला दिसत नाही.

आता हाच हिशेब आपल्या जिल्ह्यात लावून पाहू. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस विकायचा तो सरकारी योजनेलाच. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे तेव्हाच्या आंध्रातलं आदिलाबाद. पण बंडी नदीपार नेली तर गुन्हा. दिसत काय होतं? हमीभाव, आणि व्यापाऱ्याच्या काट्यापासून सुटका. ते खोटं नव्हतं, व्यापाऱ्याची मापातली लूट आपल्या आजोबांनी भोगलेली आहे. दिसत नव्हतं ते दोन गोष्टींत: पलीकडे भाव चढला त्या वर्षी हातचा गेलेला पैसा, आणि चुकारे रखडले की सावकाराकडे चढणारं व्याज.

बर्नची नोकरी सोडून पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारे शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना पुढे हेच मांडू लागली: माल कुठंही विकू द्या. डंकेल प्रस्तावाला जोशींनी पाठिंबा दिला तेव्हा त्यांच्यावर सडकून टीका झाली. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या शेतकऱ्याला सबसिडी नाही, उणे सबसिडी मिळते; सरकारच भाव पाडतं.

इथं कुणीतरी हमखास विचारतं, मग २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, तो खुला व्यापारच ना? बास्तिया हो म्हणाला असता, ते आम्ही लपवणार नाही. पण मार्च २०१२ आठवा. त्याच कापसावर सरकारनं निर्यातबंदी घातली होती. ओरड झाली म्हणून आठवडाभरात ती शिथिल करावी लागली. म्हणजे बाहेरचा माल आत यायला दार उघडं, आणि आपला बाहेर जाताना कडी. ह्याला बास्तियाचा खुला व्यापार म्हणायला आम्ही तयार नाही.

तरी एक अडचण उरतेच. बास्तिया सांगतो की दीर्घकाळात सगळ्यांचं भलं होतं. घाटंजीच्या पाच एकरवाल्याचं पीककर्ज मात्र मार्चअखेर फेडायचं असतं, आणि शुल्क काढलं ते ऐन वेचणीच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये.